सोनं सापडलं, पण लाभांश कुठे?

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी देशभर फिरली. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा जेवढं सोनं होतं, त्याच्या सुमारे पाचपट. पाठोपाठ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा खुलासा आला. तिथे सुमारे ५२,८०६ टन धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं आहे. गुणाकार केला की उरतं ते १६० किलो.

सोनभद्रच्या बातमीचा शेअर बाजाराशी संबंध नव्हता. पण अशाच बातम्या बाजारात नोंदलेल्या छोट्या खनिज-शोध कंपन्यांबद्दलही येतात. अमुक खोलीवर इतक्या मीटर जाडीचा थर लागला, टनामागे इतके ग्रॅम. शेअर दोन दिवसांत उसळतो. ज्यांनी तो घेतलेला असतो ते वर्षअखेरीस लाभांशाचा मेसेज येतो का पाहतात, आणि तो येत नाही. पुढच्या वर्षीही येत नाही. सोनं आहे, भाव वाढलाय, संचालकांची भाषणं जोरात आहेत, मग वाटणीला काहीच कसं नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर या धंद्याच्या घडणीत आहे.

शोधणारे वेगळे, खणणारे वेगळे

खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डंपर आणि क्रशर येतात. शोध कंपनीकडे यातलं काहीच नसतं. दहा-वीस भूशास्त्रज्ञ, भाड्याची ड्रिलिंग यंत्रं, नकाशे, सरकारी परवाने आणि बँकेतली थोडी रोकड एवढाच तिचा संसार. जगाच्या खाण व्यवसायात अशा कंपन्यांना ‘ज्युनिअर’ म्हणतात. त्यांची मोठी वस्ती कॅनडात टोरांटो-व्हँकुव्हरला आणि ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. त्या काहीही विकत नाहीत, त्यामुळे त्यांना विक्रीचं उत्पन्न नसतं. असतो तो फक्त खर्च.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बोअर घेताना तिरुचेंगोडची गाडी शिवारात उभी राहिली की फुटाप्रमाणे पैसे मोजावे लागतात. पाणी लागो वा न लागो, गाडीवाल्याचं मीटर चालूच. दोनशे फुटांवर ओल लागली म्हणून कोणी लगेच उसाची लागवड करत नाही. आधी धार किती इंची आहे, उन्हाळ्यात टिकेल का, हे पाहावं लागतं. मग मोटार, पाइप आणि विजेची जोडणी. शोध कंपनीही हेच करते. फरक इतका, की तिची ‘ओल’ पेपरात छापून येते आणि त्या ओलीवर शेअरचा भाव ठरतो.

‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय

खनिजाचा शोध पायऱ्यापायऱ्यांनी होतो. भारतात या पायऱ्यांना जी-४ ते जी-१ अशी नावं आहेत आणि त्या उलट्या मोजायच्या. जी-४ म्हणजे वरवरची पाहणी: खडकांचे नकाशे, माती आणि ओढ्यातल्या गाळाचे नमुने. जी-३ मध्ये चर खणून आणि मोजकी भोकं पाडून अंदाज घेतात. जी-२ मध्ये भोकांची जाळी दाट होते आणि जी-१ मध्ये इतकी दाट, की थराचा आकार, जाडी आणि प्रत भरवशाने सांगता येते. भोकातून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात, तिला कोअर म्हणतात. ती उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धी पुराव्यासाठी जपून ठेवतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम धातुकाची बातमी आली, तो अंदाज जी-३ पातळीवरचा होता. पुढे त्या पट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत. जी-३ वर ‘आहे’ म्हणणं आणि बँकेने त्यावर कर्ज देणं यांत फार मोठं अंतर असतं.

इथे दोन शब्द नीट वेगळे ठेवावेत. जमिनीत अंदाजे किती आहे, तो ‘रिसोर्स’. त्यातलं आजच्या भावाने, आजच्या तंत्राने, सगळ्या परवानग्यांसह फायद्यात काढता येईल तेवढं ‘रिझर्व्ह’. बातमीत बहुधा पहिला आकडा असतो. लाभांशाशी संबंध दुसऱ्याचा, तोही दुरून. ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता आणि कॅनडाचा ४३-१०१ हा नियम याच दोन आकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून आहेत. दोन्ही नियम गुंतवणूकदार पोळल्यानंतर आले. कॅनडात निमित्त होतं ब्री-एक्स कंपनीचं. इंडोनेशियातल्या बुसांग इथे प्रचंड सोनं असल्याचा तिचा दावा होता. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं होतं, हे १९९७ मध्ये उघड झालं.

रिझर्व्ह ठरल्यावरही व्यवहार्यता अहवाल, खाणपट्टा, पर्यावरण आणि वन विभागाच्या मंजुऱ्या, जमिनीचा मोबदला, कर्ज आणि प्रकल्पाची उभारणी बाकी असते. पहिल्या भोकापासून पहिल्या विक्रीपर्यंत दहा-पंधरा वर्षं जाणं या धंद्यात कोणी नवल मानत नाही.

तेवढी वर्षं चूल कशावर पेटते

विक्री नाही, नफा नाही, आणि जमिनीखालच्या शक्यतेवर बँक कर्ज देत नाही. उरतो एकच मार्ग: नवे शेअर विकणे. कधी राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांनाच आणखी शेअर घेण्याचा हक्क. कधी प्रेफरन्शियल इश्यू, म्हणजे निवडक मंडळींना ठरलेल्या भावाने विक्री. कधी वॉरंट, म्हणजे पुढे ठरावीक किमतीला शेअर घेण्याची मुभा. लाभांशाच्या बाबतीत खरी मेख इथे आहे, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो.

समजा, एका कंपनीचे १० कोटी शेअर आहेत. बातमी ऐकून तुम्ही १० हजार शेअर २० रुपयांना घेतले. पुढच्या काही वर्षांत शोधाचा खर्च भागवायला कंपनीने तीन वेळा, दरवेळी पाच कोटी, नवे शेअर काढले. आता शेअर झाले २५ कोटी. नशीब चांगलं, साठा पक्का निघाला. खाण उभारायला ६०० कोटी हवेत. निम्मे कर्ज, निम्म्यासाठी २० रुपयांनी आणखी १५ कोटी शेअर. एकूण ४० कोटी. तुमचे १० हजार तसेच आहेत, पण कंपनीतला तुमचा वाटा एक चतुर्थांशावर आलाय.

खाण सुरू झाली आणि वर्षाला ८० कोटी निव्वळ नफा होऊ लागला. आधीचा साचलेला तोटा १०० कोटींचा. पहिल्या वर्षाचा सगळा आणि दुसऱ्या वर्षाचा चौथा हिस्सा नफा त्यातच गेला. कर्ज देणाऱ्या बँकेची अट असते, की हप्ते रुळावर येईपर्यंत लाभांश वाटायचा नाही. ती मुदत संपल्यावर कंपनीने निम्मा नफा वाटायचं ठरवलं तर ४० कोटी रुपये आणि ४० कोटी शेअर, म्हणजे शेअरमागे एक रुपया. शेअर वाढले नसते तर हाच आकडा चार रुपये झाला असता.

वीस रुपयांवर एक रुपया, म्हणजे पाच टक्के, आणि तेही दहा-बारा वर्षं काहीच न मिळाल्यानंतर. शिवाय या हिशेबात सगळं सुरळीत पार पडलंय. प्रत्यक्षात बहुतेक शोध खाणीपर्यंत पोचतच नाहीत.

इच्छा असली तरी कायदा आड येतो

‘परवाच तर कंपनीने दीडशे कोटी उभे केले, त्यातले थोडे वाटायला काय हरकत?’ असं कोणी विचारलं तर उत्तर कंपनी कायदा, २०१३ च्या १२३व्या कलमात आहे. लाभांश नफ्यातूनच द्यायचा, मग तो चालू वर्षाचा असो वा मागे साठवलेला. आधीच्या वर्षांचा तोटा चालू नफ्यातून वळता केल्याशिवाय लाभांश जाहीर करता येत नाही. नवे शेअर दर्शनी मूल्यापेक्षा चढ्या भावाने विकून आलेली जादा रक्कम ‘सिक्युरिटीज प्रीमियम’ नावाच्या खात्यात जाते, आणि ते खातं लाभांशासाठी उघडता येत नाही. उभारलेला पैसा हा नफा नव्हे, इतकी साधी गोष्ट कायद्याने पक्की केली आहे. ती केली नसती, तर नव्या भागधारकाच्या पैशातून जुन्याला ‘लाभांश’ देणारे महाभाग लगेच उगवले असते.

हिशेबाच्या पुस्तकात आणखी एक गोम आहे. शोधावरचा खर्च त्याच वर्षी तोट्यात न दाखवता ‘मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात नेण्याची मुभा लेखा मानकं देतात. त्यामुळे नफा-तोटा पत्रकात तोटा किरकोळ दिसतो आणि रोकड मात्र भराभर संपत असते. एखादा पट्टा सोडून द्यायची वेळ आली, की वर्षानुवर्षांचा तो खर्च एकदम तोट्यात उतरतो.

मग पैसे मिळतात कोणाला

मिळतात, पण लाभांशातून क्वचितच. कमाई होते ती शेअरच्या भावातून, आणि सर्वांत मोठी कमाई मोठ्या कंपनीने लहानीला विकत घेतलं की.

१९९३ मध्ये कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर दोन शोधक डायमंड फील्ड्स या छोट्या कंपनीसाठी हिरे शोधत होते. त्यांना गंजल्या रंगाची एक टेकडी दिसली. खाली निकेल, तांबं आणि कोबाल्टचा मोठा साठा निघाला, तोच व्हॉइसीज बे. १९९६ मध्ये इन्को या बड्या निकेल कंपनीने ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून डायमंड फील्ड्स घेतली. तिचे भागधारक मालामाल झाले तेव्हा तिथून एक टनही माल निघाला नव्हता. उत्पादन सुरू झालं २००५ मध्ये. मधली नऊ वर्षं सरकारशी आणि मूळ रहिवाशांशी वाटाघाटींत आणि मग उभारणीत गेली आणि ती इन्कोच्या भागधारकांनी सोसली. शोधाची मलई एकाला आणि खाणीची उस्तवार दुसऱ्याला, असं इथे नेहमी घडतं.

अलीकडचं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. डी ग्रे मायनिंग या काही सेंटांत मिळणाऱ्या कंपनीला पिल्बारा भागात हेमी नावाचा सोन्याचा मोठा साठा सापडला. २०२५ मध्ये नॉर्दर्न स्टारने सुमारे पाच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना ती घेतली. मोबदला रोख नव्हता, डी ग्रेच्या एका शेअरमागे नॉर्दर्न स्टारचा ०.११९ शेअर होता. नॉर्दर्न स्टार लाभांश देते. म्हणजे डी ग्रेच्या भागधारकाच्या हाती लाभांश आला तर तो दुसऱ्याच कंपनीच्या नावाने.

आता दुसरी बाजू. पोसायडन ही ऑस्ट्रेलियाची आणखी एक छोटी कंपनी. सप्टेंबर १९६९ मध्ये तिचा शेअर ८० सेंटांना होता. विंडारात निकेल लागल्याची बातमी आली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो २८० डॉलरवर गेला. निकेल होतं, बातमी खोटी नव्हती. पण धातुकाची प्रत अपेक्षेपेक्षा हलकी निघाली, खाण सुरू होईपर्यंत निकेलचे भाव उतरले आणि कंपनी कर्जबाजारी झाली. शिखरावर शेअर घेणाऱ्याला साठा खरा असण्याचा काही उपयोग झाला नाही.

कोलारचा अपवाद

शोध कंपनी स्वतःच खाण चालवू लागली आणि भरभरून लाभांश देऊ लागली, असं कधी घडलंच नाही का? घडलंय, आपल्या शेजारी कर्नाटकातच. १८७० च्या दशकात बेंगळुरूत स्थायिक झालेला लॅव्हेल नावाचा निवृत्त आयरिश सैनिक कोलारला सोनं शोधत होता. पैसे पुरेनात, म्हणून त्याने आपला हक्क दुसऱ्यांना दिला. मग लंडनच्या भांडवलावर कंपन्या निघाल्या, आणि काही वर्षांतच बहुतेकींचा दम निघाला. म्हैसूर कंपनीचंही भांडवल तळाला लागलं होतं. व्यवस्थापक जॉन टेलर आणि मंडळींनी कॅप्टन प्लमर यांना उरलेल्या पैशात आणखी खाली जाऊ दिलं. जुन्या, स्थानिकांनी फार पूर्वी सोडून दिलेल्या खड्ड्यांच्या खाली त्यांना सोन्याची मुख्य शीर लागली. ती पुढे चॅम्पियन म्हणून प्रसिद्ध झाली. लंडनच्या भागधारकांना त्यातून वर्षानुवर्षं घसघशीत लाभांश गेला.

ही गोष्ट ऐकून हुरूप येतो खरा. पण प्लमर यांच्याआधी थांबलेल्या कंपन्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत, हेही ध्यानात घ्यावं. आणि चॅम्पियन शीरही अक्षय नव्हती. तीन किलोमीटरहून खोल गेलेली आणि सुमारे ८०० टन सोनं दिलेली कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. खाणीचा साठा दरवर्षी घटतोच. त्यामुळे तिच्या लाभांशात नफ्याबरोबर तुमच्या भांडवलाचाही एक तुकडा परत येत असतो. पुढचा साठा शोधला नाही, तर एक दिवस दोन्ही संपतात.

भारतात गाडी कुठे अडते

१२ जानेवारी २०१५ पासून भारतात खाणपट्टे लिलावाने मिळतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने निर्णय बरोबर, पण खासगी शोधकाला तो मारक ठरला. स्वतःच्या पैशाने शोधायचं आणि सापडल्यावर लिलावात दुसरा कोणी जास्त बोली लावून घेऊन जाणार! मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचं उदाहरण बोलकं आहे. २००३ मध्ये हे नाव घेतलेल्या या कंपनीने कर्नाटकात सोन्याचा शोध घेतला. हावेरी जिल्ह्यातल्या गणाजूरला तिने साठा तपासून खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. कायदा बदलल्यावर असे जुने अर्ज लटकले आणि २०२१ च्या दुरुस्तीने अशा प्रलंबित अर्जांचा हक्कच संपवला. कंपनीचा भर आता आंध्र प्रदेशच्या कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नागिरीवर आहे. भूशास्त्र बरोबर असूनही कायद्याच्या एका कलमाने अनेक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते, हा धोका कोअरच्या कांडीत दिसत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने मात्र एक नवी वाट उघडली, आणि ती लाभांशाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लिथियम, निकेल, तांबं, सोनं अशा २९ खनिजांसाठी ‘अन्वेषण परवाना’ आला. परवानाधारकाने शोधलेल्या साठ्याचा पुढे लिलाव होईल आणि खाण घेणारा सरकारला जे लिलाव-अधिमूल्य देईल, त्यातला ठरलेला हिस्सा शोधकाला मिळेल. खाणपट्टा ५० वर्षांचा असतो. म्हणजे एकही डंपर न घेता शोध कंपनीला दीर्घकाळ उत्पन्न मिळू शकतं. अशा परवान्यांचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर झाला. परदेशात ही कल्पना जुनी आहे. साठा विकताना उत्पादनातली छोटी टक्केवारी राखून ठेवायची, ती रॉयल्टी. कॅनडाची फ्रँको-नेवाडा ही कंपनी अशाच रॉयल्टी गोळा करून २००७ मध्ये बाजारात आल्यापासून दरवर्षी लाभांश वाढवत आलीय. आपल्याकडचे अन्वेषण परवाने फळाला यायला वेळ लागेल, पण छोट्या शोध कंपनीच्या लाभांशाची आशा करायचीच असेल तर ती याच वाटेवर करावी.

चौकट: अहवाल हातात आला की

• रोख प्रवाह पत्रक आधी उघडा. हातातली रोकड भागिले तिमाहीचा खर्च, इतक्या तिमाहींनी नवे शेअर येणार. ऑस्ट्रेलियात शोध कंपन्यांना हा हिशेब दर तिमाहीला जाहीर करावाच लागतो.
• पाच वर्षांपूर्वी शेअर किती होते, आज किती आहेत? वॉरंटही त्यात मिळवा.
• साठ्याचा आकडा रिसोर्सचा आहे की रिझर्व्हचा?
• साचलेला तोटा किती? तो भरेपर्यंत लाभांशाचा विषयच निघत नाही.

लाभांशच हवा असेल तर

खाण क्षेत्रातून लाभांश हवा असेल तर माल विकणाऱ्या कंपन्यांकडे जावं लागतं. नागपूरला मुख्यालय असलेली, भंडारा-बालाघाट पट्ट्यात मँगनीज काढणारी मॉइल नफ्यातून लाभांश देते. तिचं मूळ १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटमध्ये आहे, म्हणजे तीही मुळात शोधणाऱ्यांचीच कंपनी. उत्पादकांचा लाभांशही दरवर्षी सारखा नसतो. हिंदुस्थान झिंकने २०२२-२३ मध्ये शेअरमागे ७५.५० रुपये दिले. ती रक्कम त्या वर्षीच्या नफ्याच्या जवळपास तिप्पट होती, कारण जुनी गंगाजळी रिकामी केली गेली. पुढच्या वर्षी मिळाले १३ रुपये. दोन रुपये दर्शनी मूल्यावर ‘३७७५ टक्के लाभांश’ असे मथळे वाचून पुढल्या वर्षाचे बेत आखणाऱ्यांनी हे विसरू नये.

शोध कंपनी लाभांश देत नाही यावरून तिला नावं ठेवू नयेत. हाती आलेला रुपया पुढच्या भोकात घालणं हेच तिचं काम आहे, आणि खाण नसताना कोणी लाभांशाची भाषा करू लागला तर तिथे जास्त सावध व्हावं. असा शेअर घ्यायचा असेल तर बुडाला तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढ्याच पैशाचा घ्यावा. ज्यांना दर वर्षी ठरावीक रक्कम हातात हवी आहे, विशेषतः निवृत्तांना, त्यांच्यासाठी हा शेअर नाही.